उंबरठ्यावर अडलेले म्हातारपण

पालघर तालुक्यातील माकुणसारसारख्या गावात उभा जन्म भाताच्या खाचरात आणि दुसऱ्याच्या वाडीत राबलेली म्हातारी आज घरातच कोंडली गेली आहे. तिला कोणी कोंडले? गुडघ्यांनी, असे घरचे सांगतात. मागच्या जन्मीच्या भोगांनी, असे भटशाही सांगते. आम्ही म्हणतो, तिला कोंडले ते उंच ओट्याने, कठडा नसलेल्या पायऱ्यांनी, पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या परसातल्या वाटेने आणि उकिडवे बसल्याशिवाय वापरताच येत नाही अशा संडासाने. गुडघे दुखतात हे खरेच. परंतु हाताला धरायला एक लोखंडी नळी असती, तर ती आजही शेजारणीच्या दारात जाऊन बसली असती.

कायदाही हेच सांगतो. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाची व्याख्या करताना शरीरातील उणिवेबरोबर सभोवतालचे अडथळेही मोजले आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावले की, सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे केले पाहिजेत. पण हा कायदा सार्वजनिक इमारतींची काळजी वाहतो आणि गरिबाच्या दाराशी येऊन थांबतो. सरकारने अपंगाचा 'दिव्यांग' केला. पायरी मात्र तशीच राहिली!

वास्तविक गरिबाचे घर सरकारच्याच पैशाने उभे राहते. रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे, ग्रामीण भागात त्याचे अनुदान १ लाख २० हजार रुपये. एवढ्या रकमेत भिंती आणि छप्पर उभे करतानाच कुटुंब मेटाकुटीला येते, मग उतार आणि कठड्याचा विचार कोण करणार? या किनारपट्टीच्या पावसात जोते उंच बांधावेच लागते. म्हणूनच दाराशी उताराची गरज येथे अधिक आहे.

त्यात ही म्हातारी सरकारदरबारी अपंगही नसते. सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा, दाखल्यासाठी रुग्णालय गाठायला हवे. श्रावणबाळ योजनेचे २०२३ साली दीड हजारावर नेलेले अनुदान चालू ठेवायचे, तर दरवर्षी हयातीचा दाखला हवा. जिला ओटा उतरता येत नाही, तिने ओटा उतरता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी गाव ओलांडून यायचे! ज्या तालुक्यात तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, तेथे दाखला देणारा डॉक्टर वस्तीपर्यंत पोहोचू शकत नाही काय?

पैसा नाही, ही सबब ऐकून घेऊ नका. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायची असते. ती कुठे जाते, हे ग्रामसभेत विचारा. बौद्धवाड्यांत आणि आदिवासी पाड्यांत दाखल्यांची शिबिरे भरवा, कठडे बसवा, कमोडच्या खुर्च्या द्या, घरकुलाच्या आराखड्यातच उतार धरा, अशी लेखी मागणी करा.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू या. आपल्या विहाराला पायऱ्या किती आहेत? वंदनेला न येणारी आजी 'थकली' असे म्हणून आपण मोकळे होतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते सार्वजनिक जागेवरचा माणसाचा हक्क बजावण्यासाठी. आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला पाहून तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला आपल्या हातांनी धुतले, ही कथा आपण प्रवचनात ऐकतो. वार्धक्य आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळावे, असे संविधानाचे ४१ वे कलम सांगते. हे सारे ज्यांचा वारसा आहे, त्यांनी येत्या पौर्णिमेच्या आत आपल्या विहाराच्या दाराशी सिमेंटचा एक उतार घालावा. मग ग्रामपंचायतीकडे बोट दाखवण्याचा आपला अधिकार अधिक पक्का होईल.

जयभीम!