फॅन बसवला, पण जबाबदारी कोणाची?

यंत्रमाग कारखान्यात एक्झॉस्ट फॅन बसवणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु फॅन बसवला की मालकाची जबाबदारी संपली, हा आपल्या मालेगाव-भिवंडीकडच्या मंडळींचा समज मोडायला हवा.

मोठा फॅन बहुधा थ्री फेजवर चालतो. दुरुस्ती करताना दोन तारांची अदलाबदल झाली की तो उलटा फिरतो. आवाज तोच, पण धूळ बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा आत येते. आतल्या जाळीपाशी कागद धरून पाहावा. चिकटला तर ठीक, उडाला तर वायरमनला परत बोलवावे. फॅनच्या शेजारची खिडकीही उघडी ठेवू नये. फॅन तिचीच हवा ओढतो आणि मागांमधली धूळ जागीच राहते. हवा समोरच्या भिंतीकडून आली पाहिजे.

कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून फॅन बंद ठेवतो, असे काही मालक सांगतात. तक्रार खोटी नाही. परंतु ओलाव्याची वेगळी सोय करता येते. त्यासाठी कारागिराने धूळ का गिळावी? कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. मालेगावात सुट्टी जुम्म्याची, म्हणून शनिवारी कोण खोकतो याकडे लक्ष ठेवावे.

खरा धोका सफाईचा. पात्यांवर रुई कमी-जास्त साचली की फॅन थरथरतो, बोल्ट सैल होतात. मोटरवर साचली की मोटर तापते आणि एका ठिणगीने ती रुई पेट घेते. तरीही सफाई कशी होते? माग चालू असताना एखाद्या पोऱ्याला स्टुलावर चढवायचे आणि ‘बटण बंद आहे’ असे खालून ओरडायचे. दुसऱ्याने तेच बटण दाबले तर? १९४८ च्या कारखाना कायद्यानेही हवा खेळती ठेवण्याची आणि यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा करण्याची सक्ती केली होती. मजुरी वेळेवर देणाऱ्या मालकाला मजुराची बोटेही आपल्याकडे अमानत आहेत, हे वेगळे सांगावे लागू नये.

सफाई जुम्म्याच्या सकाळी, माग बंद असताना, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. त्याच वेळी अर्थिंग तपासावे, बोल्ट आवळावेत. बाहेरच्या वाऱ्यानेही पाती फिरतात, तेव्हा ती आधी अडकवावीत. मालकाने फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि शिडी उतरेपर्यंत तिथेच उभे राहावे.