शेजारी युद्ध पेटले की सोयरे बदलतात

२०२३ च्या रमजान महिन्यात, ४ एप्रिल रोजी, ब्रुसेल्समधील नाटोच्या मुख्यालयासमोर फिनलंडचा ध्वज फडकला. त्याआधी काहीच दिवस तुर्कस्तानच्या संसदेने फिनलंडच्या प्रवेशाला मान्यता दिली होती. तेव्हाच्या ३० सदस्य देशांपैकी ही शेवटची मंजुरी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कोणत्याही लष्करी गटात न शिरलेल्या देशाने अखेर आपली बाजू निवडली.

हा बदल फार झपाट्याने झाला. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत नाटोत जावे असे म्हणणारे फिनलंडमध्ये जेमतेम चौघांत एक होते. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच हे प्रमाण निम्म्यावर गेले. मे महिन्यात ते तीन चतुर्थांश झाले. २०० जणांच्या संसदेत १८८ मते बाजूने पडली, विरोधात फक्त ८. फिनलंडवर कोणी एक गोळीही झाडली नव्हती. मात्र रशियाशी त्याची सुमारे १३४० किलोमीटरची सीमा आहे. शेजारच्या देशाने दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घातलेले पाहिल्यावर ५५ लाखांच्या त्या देशाने स्वतःच्या दाराला कडी लावली. यात नवल काही नाही. शेजाऱ्याचे छप्पर पेटले की आपल्या छपरावर पाणी मारायला कोणाची परवानगी लागत नाही.

या निर्णयामागे जुन्या जखमाही आहेत. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. त्याच्या तीन महिने आधी हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला होता आणि त्यातील गुप्त कलमांनी फिनलंड सोव्हिएत वाट्याला टाकला होता. फिनलंडने साडेतीन महिने झुंज दिली. स्वीडनमधून स्वयंसेवक आले, पण स्वीडनने आपले सैन्य पाठवले नाही. ब्रिटन-फ्रान्सचा आधार बहुतांशी बोलण्यापुरताच राहिला. शेवटी देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला आणि कारेलिया प्रांतातील चार लाखांवर माणसे बेघर झाली.

पुढच्या पाच वर्षांत फिनलंडचे मित्र आणि शत्रू कसे बदलले हे पाहण्यासारखे आहे. गेलेली भूमी परत मिळवण्यासाठी १९४१ मध्ये तो त्याच जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरला. सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधी झाली आणि तिच्या अटींनुसार कालच्या जर्मन साथीदारांना लॅपलंडमधून हाकलण्याची पाळी आली. माघारी जाताना जर्मनांनी रोवानिएमी शहर जाळून टाकले. १९४८ मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार झाला आणि पुढची चार दशके फिनलंड त्या मोठ्या शेजाऱ्याची मर्जी सांभाळत जगला. व्यापार झाला, ये-जा झाली, सोयरिकीही जुळल्या.

ज्या देशाने हे सारे अनुभवले, त्याला एक गोष्ट सर्वांत चांगली ठाऊक असायला हवी. मित्र आणि शत्रूंची यादी राज्यकर्ते करतात आणि काळ ती खोडून पुन्हा लिहितो. म्हणून ती यादी सरकार आणि फौजेपाशी थांबली पाहिजे. ती माणसांपर्यंत पोहोचू लागली की तिथे अन्यायाची सुरुवात होते.

फिनलंडमधील तातार मुसलमान याचे बोलके उदाहरण आहेत. त्यांचे पूर्वज रशियातील निझ्नी नोव्हगोरोद भागातून आलेले. कापड आणि फरचे कपडे विकणारे फिरते व्यापारी. १९२५ मध्ये त्यांनी हेलसिंकीत आपली जमात रीतसर नोंदवली. मूळ गाव सीमेपलीकडचे, नमाज अरबीत, घरची बोली तातार. संशय घ्यायचाच असता तर कारणे भरपूर होती. पण १९३९ मध्ये याच समाजाची मुले फिनिश गणवेश घालून लढली आणि त्यातली काही कामी आली. देशाने त्यांना आपले मानले होते आणि त्यांनीही देशाला आपले मानले.

आज हीच कसोटी पुन्हा लागली आहे. २०२३ च्या शरद ऋतूत सीरिया, सोमालिया, येमेन अशा देशांतील हजारभर माणसे रशियाच्या बाजूने फिनलंडच्या नाक्यांवर येऊन आश्रय मागू लागली. रशिया त्यांना मुद्दाम सीमेवर आणून सोडतो, असा फिनलंडचा आरोप आहे आणि तो बिनबुडाचा म्हणता येणार नाही. वर्षअखेरीस रशियाकडचे सारे रस्ते बंद झाले. जुलै २०२४ मध्ये तर आश्रय मागणाऱ्यांना अर्ज न घेताच सीमेवरून परत पाठवण्याची मुभा देणारा कायदा संमत झाला. फिनलंडमधील अनेक कायदेपंडितांनीच त्यावर आक्षेप घेतला. सीमा बंद झाल्याने फिनलंडमधील हजारो रशियन भाषकांना पलीकडच्या म्हाताऱ्या आईबापांना भेटणेही अवघड झाले.

नाटोत जाणे हा फिनलंडचा हक्क होता आणि इतिहास पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. सीमेवर पहारा वाढवणे हेही सरकारचे कर्तव्यच. परंतु युद्धातून जीव वाचवून आलेला सीरियन माणूस किंवा आईला भेटू पाहणारी रशियन भाषक लेक यांनी युक्रेनवर रणगाडे पाठवलेले नाहीत. त्यांचा अर्ज ऐकून घेतला, एखादा नाका पहाऱ्यात का होईना उघडा ठेवला, तर फिनलंडची सुरक्षा ढासळणार नाही. १९४० मध्ये स्वतःची चार लाख माणसे डोक्यावर बोचकी घेऊन घराबाहेर पडलेली ज्या देशाने पाहिली, त्याच्याकडून इतकी अपेक्षा करणे जास्त ठरत नाही.