अर्धा पक्षी आणि पडीक माळ

आर्किऑप्टेरिक्सबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: हा अर्धा सरडा आणि अर्धा पक्षी होता. मागोमाग ‘आदिम’ हा शब्द येतो, मग ‘हरवलेला दुवा’ येतो आणि शेवटी चित्र. चित्रात तो बिचारा झाडावरून कशीबशी उडी मारत असतो, स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचे पंख लावून स्टेजवर ढकललेल्या पोरासारखा. या शब्दांनी आपलं फार नुकसान केलं आहे असं माझं म्हणणं आहे. विज्ञानाच्या शिक्षणाचं तर केलंच, पण मी ज्या सोलापूरचा आहे तिथल्या जमिनीचं आणि एका जिवंत पक्ष्याचंही केलं.

आधी तो प्राणी नीट पाहू. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियात उथळ, खारट खाजणं होती आणि मधूनमधून बेटं. खाजणांच्या तळाशी चुन्याचा अतिशय बारीक गाळ साचत गेला आणि त्याचा झोल्नहोफेनचा चुनखडक झाला. हा खडक इतका एकजीव आणि गुळगुळीत की शिळाछपाईसाठी त्याला जगभरातून मागणी असे. आपल्याकडे ज्या तंत्राने पोथ्या छापल्या गेल्या आणि रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या, ते तंत्र याच दगडावर जन्मलं. छपाईसाठी दगड काढणाऱ्या याच खाणींतून १८६१ साली एका पिसाचा ठसा आणि पाठोपाठ एक सांगाडा उजेडात आला. म्हणून तर त्याच्या शास्त्रीय नावात ‘लिथोग्राफिका’ आहे. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तो सांगाडा ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला रिचर्ड ओवेनने, आणि हे ओवेनसाहेब डार्विनचे कडवे विरोधक होते. पुरावा कधीकधी असा विरोधकाच्याच हातून घरात येतो.

साधारण कावळ्याएवढा प्राणी. तोंडात दात, मागे हाडांचं लांब शेपूट, पंखावर नखं असलेली तीन सुटी बोटं. आणि त्याच अंगावर आजच्या पक्ष्यांसारखी पिसं; पंखातल्या मोठ्या पिसांच्या दांड्याच्या दोन बाजू असमान, जशा उडणाऱ्या पक्ष्यांच्या असतात तशा. २०१८ साली त्याच्या हाडांची आतली रचना क्ष-किरणांनी तपासली गेली. तो फेझंट कुळातल्या पक्ष्यांसारखा थोडा वेळ जोरात उडत असावा असा निष्कर्ष निघाला. म्हणजे पायाखालून तितर जसा फुर्रकन उठतो आणि पन्नास पावलांवर जाऊन उतरतो, तसं काहीतरी.

यात अर्धं काय आहे? त्या बेटांवर जगायला जे लागत होतं ते सगळं त्याच्याकडे होतं. पुढे आपला कावळा व्हायचा आहे म्हणून तो दात घेऊन ताटकळत बसला नव्हता.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे बीटा आवृत्ती असते. तिच्यात काय कमी आहे हे सांगता येतं, कारण पक्का माल कसा असणार हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. उत्क्रांतीला असा कुणी मॅनेजर नाही. तिथे टेस्टिंगचा वेगळा सर्व्हर नाही. प्रत्येक पिढी थेट प्रॉडक्शनवर चालते आणि जी चालत नाही तिला पुढची पिढीच मिळत नाही. मग यातली अर्धवट आवृत्ती कोणती आणि पूर्ण कोणती? ‘आदिम’ म्हणताना आपण गुपचूप एक शिडी उभी करतो. खालच्या पायरीवर मासा, मग बेडूक, मग सरडा, मग पक्षी, आणि सगळ्यात वर, अर्थातच, आपण.

या शिडीची किंमत काय ते पाहा. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिला नाही, हे त्यांचं कारण. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढलं. आम्ही सगळे हसलो, मीम पाठवले, झोपलो. पाच वर्षांनी एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातलं ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण नुसतं ‘आनुवंशिकता’ होऊन बाहेर आलं. जे गळलं त्यात पिसांची गोष्टही होती: पिसं आधी उबेसाठी आली असावीत, उडायला नंतर कामी आली, काही डायनासोरांना पिसं होती आणि ते उडत नव्हते. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात आहे की उत्क्रांती. असेल. पण गणित घेऊन इंजिनिअरिंगच्या रांगेत उभी राहणारी माझ्यासारखी लाखो पोरं बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत जातच नाहीत. त्यांच्यासाठी दहावी हाच उत्क्रांतीचा शेवटचा स्टॉप.

मंत्र्यांवर टीका करणं सोपं आहे. माझं खरं भांडण आपल्याच बाजूशी आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे, आनंद आहे. पण ‘जोडणारे दुवे’ म्हणून तिथे कोण भेटतं? पेरीपॅटस, डकबिल प्लॅटिपस आणि लंगफिश. तिघेही आज जिवंत आहेत. ऑस्ट्रेलियात आत्ता पोहत असलेला प्लॅटिपस सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्याशी कसा जोडणार? तो आपला लांबचा चुलतभाऊ आहे, खापरपणजोबा नाही. जी मुलगी हे पाठ करेल ती उद्या विचारणारच, की माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी शिल्लक? हा प्रश्न आपण व्हॉट्सॲपवरचा मूर्खपणा म्हणून उडवून लावतो. तो आपल्याच शिकवणीतून निघालेला आहे. शिडी आपणच लावली, ते फक्त तिच्यावर चढून ओरडताहेत.

आर्किऑप्टेरिक्सदेखील आजच्या पक्ष्यांचा थेट पूर्वज असेलच असं नाही. १९९६ साली चीनमधून पिसासारखं आवरण असलेला डायनासोर जगासमोर आला, मग पिसाळ डायनासोरांची रांगच लागली. २०११ मध्ये तर आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यांच्या फांदीवरून उचलून शेजारच्या फांदीवर ठेवण्याचा प्रस्ताव आला, पुढच्या अभ्यासांनी तो परत आणला. यात विज्ञानाची फजिती नाही. इतके नातेवाईक सापडलेत की कोण कुणाचा किती जवळचा यावर वाद होतो, एवढाच याचा अर्थ. आणि त्या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी नाकारत नाही: पक्षी हे डायनासोरच आहेत. ती सगळी मंडळी मेली नाहीत. एक फांदी उरली आणि ती आज सकाळी तुमच्या खिडकीत बसून गेली.

आता सोलापूर. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. १९७९ साली इथे माळढोक अभयारण्य झालं. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी तो एक. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचं नाव सुचवलं होतं, मान मोराला मिळाला. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

यावर शहाण्या माणसांची प्रतिक्रिया मी कित्येकदा ऐकली आहे: जुनाट पक्षी, जड, मंद, वर्षाला एकच अंडं आणि तेही उघड्यावर, काळाबरोबर बदलला नाही तर जाणारच, डार्विननेच सांगितलंय. डार्विनने ‘बळी तो कान पिळी’ असं कुठेही सांगितलेलं नाही. विस्तीर्ण, मोकळ्या माळावर एक अंडं घालून जिवाच्या कराराने सांभाळणं हा हिशोब लाखो वर्षं जमत आला होता. बस्टर्ड कुळातल्या पक्ष्यांचे डोळे बाजूला असतात, आजूबाजूचा धोका टिपण्यासाठी. उडताना मान खाली झुकली की नेमकं समोरचं दिसत नाही. माळावर समोर आडवं काही नसायचंच. मग आपण तिथे विजेच्या तारा ओढल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं आणि २०२४ मध्ये तो आदेश मागे घेऊन विषय तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. सौरऊर्जा हवी हे मलाही कळतं. पण तारेला धडकून मेलेल्या पक्ष्याला ‘आदिम’ म्हणून मोकळं होणं हा निव्वळ पळपुटेपणा आहे.

आणि जे पक्ष्याचं, तेच जमिनीचं. सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात गवताळ रानं मोडतात. ‘पडीक’ म्हणजे जिचं अजून काहीतरी व्हायचं आहे अशी जमीन: एमआयडीसी, सोलर पार्क, नाहीतर झाडी. २०१६ ते २०१९ मध्ये राज्याने ५० कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा माळाला गवतच शोभतं असं म्हणणारा माणूस निसर्गद्रोही ठरत होता. अर्धा पक्षी तसं हे अर्धं जंगल.

या गवताचं वय किती? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले. तोवर डायनासोर आणि गवत यांची गाठच पडली नाही असं मानत. महाराष्ट्रातल्या एका खेड्याने जगाची पुस्तकं बदलायला लावली. सोलापूरच्या मातीखालचा काळा कातळ ज्या ज्वालामुखींनी ओतला, त्यांच्या काळातच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, या भूमीवर गवत होतं आणि डायनासोर ते खात होते. त्या गवताचे वंशज आपल्या नोंदीत ‘पडीक’, आणि त्या डायनासोरांचा शेवटचा मोठा नातेवाईक ‘जुनाट’.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो शेतकऱ्यांचा आहे. हे अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं केलं होतं. त्यात गावं, शिवारं, खाजगी रानं सगळं आलं. स्वतःची जमीन विकायची म्हटलं तरी माळढोक आडवा. लोक चिडले त्यात काही चूक नव्हती. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण हा घोळ घालणारं डोकंही तेच: न पाहता रेघ मारणारं. कुठला माळ खरा, कुठे मेंढरं चरतात, कुठे अंडं पडतं, हे पाहून आखणी झाली असती तर धनगर, कुणबी आणि माळढोक एकाच माळावर मावले असते. आधी अनेक पिढ्या मावलेच होते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. दहावीच्या पुस्तकातले ‘जोडणारे दुवे’ काढा आणि तिथे नातेवाईकांचा फांद्यांचा वंशवृक्ष छापा. जमिनीच्या वर्गवारीत ‘पडीक’ म्हणण्याआधी ‘गवताळ माळ’ असा वेगळा रकाना करा. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत आर्किऑप्टेरिक्सच्या ठशाची प्रतिकृती आणि कोंबडीचा सांगाडा शेजारी शेजारी ठेवा. पोरांनी दोन्हींच्या छातीवरचं ते दुबेळक्यासारखं हाड स्वतः शोधू दे. मग त्यांना नान्नजला न्या. तिथे त्यांनी काय पाहायचं हे मात्र आत्ता आपल्या हातात आहे.