जुन्या जीपचं इंजिन भंगारात घालायच्या आधी

ऊस गेला, हातात चार पैसे आले की आपल्या भागातल्या गॅरेजात एक काम हमखास येतं. गोठ्याच्या कडेला काही वर्षं उभी असलेली जुनी पेट्रोल जीप ओढून आणायची, इंजिन उचलून बाजूला टाकायचं आणि डिझेल बसवायचं. आता तर पिकअपचं टर्बो इंजिन बसवणारेही निघालेत. काढलेलं इंजिन जातं भंगाराच्या काट्यावर. माझं मत सरळ आहे. ज्या जीपचं मूळ इंजिन जागेवर आहे, ते काढू नका, दुरुस्त करा.

उंच बॉनेटची जी जीप आपण लहानपणापासून बघतोय ती विलिसची सीजे-3बी, महिंद्रानं इथं वर्षानुवर्षं बनवलेली. तिचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, 2199 सीसीचं, सत्तरेक घोड्यांचं. आधीच्या जीपचं बॉनेट बुटकं होतं. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आले, इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. म्हणजे या गाडीचा चेहराच इंजिनावरून ठरलाय. ते काढलं तर उरतो नुसता पत्रा.

"इंजिन गेलंय" असं मिस्त्री म्हणाला तरी लगेच मान डोलवू नका. या इंजिनात धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यांचे टॅपेट बाजूचं झाकण काढून लावावे लागतात. नव्या पोरांना हे ठाऊक नसतं, ती वरचेच टॅपेट लावून मोकळी होतात. खालचा टॅपेट घट्ट राहिला की व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन पडतं आणि गाडी चढाला दम टाकते. दुसरी गोष्ट, आपण रेडिएटरला बोअरचं पाणी घालतो. जत-आटपाडीकडचं जड पाणी ठिबकच्या नळीचं काय करतं ते तुम्हाला सांगायला नको. तेच क्षार इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतात आणि गाडी तापते. त्यामुळं आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, रेडिएटर आणि ब्लॉक साफ करून घ्या, कार्बोरेटर खोलून बघा. मग ठरवा.

आता खर्चाचं बघू. लोक म्हणतात, पेट्रोल परवडत नाही. हिशेब मांडू. वर्षाला जीप 1,500 किलोमीटर फिरते असं धरा. पेट्रोलवर लिटरला 8 किलोमीटर आणि भाव 105 रुपये धरला तर साधारण 19,700 रुपये लागतात. डिझेलवर 12 किलोमीटर आणि भाव 92 धरला तर 11,500. बचत वर्षाला 8,200 रुपये. इंजिन, क्लच, माउंटिंग, मजुरी मिळून दीड लाख धरले तर ते फिटायला 18 वर्षं लागतील. आकडे तुमचे घाला, हिशेब असाच करा. हां, जीप रोज 40 किलोमीटर पळत असेल तर गणित डिझेलच्या बाजूनं जातं, हे मीही मान्य करतो. पण किती जणांची पळते? बहुतेकांची लग्नाला, जत्रेला आणि पावसाळ्यात चिखलातनं बाहेर पडायला निघते.

"अरे, कंपनीनंच जीपला डिझेल बसवलं होतं की," असंही ऐकायला मिळतं. खरंय. प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल घेऊन आलेल्या एमएम 540 अजूनही आपल्या भागात दिसतात. पण कंपनीनं नुसतं इंजिन बदललं नव्हतं, त्याला साजेशी पूर्ण गाडी जुळवली होती. गॅरेजात मात्र इंजिन तेवढं बदलतं. वजन वाढतं आणि पुढचे पाटे बसतात. जुन्या तीन गिअरच्या पेटीवर टर्बोचा जोर पडला की आधी गिअरबॉक्स ओरडतो, मग एक्सल. ब्रेक मात्र तेच, चारी चाकांना ड्रमचे. पाटणकडनं कुंभार्ली घाट उतरताना इंजिन किती घोड्यांचं आहे याला किंमत नसते, गाडी थांबते का याला असते. त्यात कुणी इंजिन बसत नाही म्हणून चासीचा आडवा कापला असेल, तर ती गाडी पुन्हा पूर्ववत होत नाही.

कागदाचंही ध्यानात घ्या. एमएच-10 असो, एमएच-11 असो की एमएच-50, इंजिन नंबर आरसीवर असतो. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललं तर पासिंगला अडतं आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. शिवाय 2021 पासून व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आलेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. अशी नोंद केली की ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, म्हणून प्रत्येकानं ती करावी असं नाही. पण आज इंजिन काढलंत तर तुमच्या पोरानं उद्या करायची म्हटली तरी दार बंद.

पेट्रोल इंजिन ठेवायचं तर एक काम मात्र टाळू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, आणि ते आपल्याच जुन्या जीपच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या खातंय. ऊसवाल्यानं त्याविरुद्ध बोंब मारण्यात अर्थ नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, सील आणि डायफ्राम घाला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. इंजिन बदलण्याच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे.

मग इंजिन बदलायचंच नाही का? ब्लॉक फुटलाय, किंवा मूळ इंजिन आधीच्या मालकानंच विकलंय, तर जरूर बदला. पण जीपला कंपनीनं जे इंजिन दिलं होतं त्यातलंच घ्या, चासीला कटर लावू देऊ नका, आधी ब्रेक नीट करा आणि आरटीओची मंजुरी हातात आल्यावरच काम सुरू करा. रोजच्या वापराला डिझेलच पाहिजे असेल तर कंपनीतनंच डिझेल आलेली जीप शोधा. पेट्रोलवालीचा जीव घेऊ नका.

आपल्या भागाला लोखंडाची भीती कधीच नव्हती. 1910 साली किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. आजही मिरज, सातारा, शिरोलीत बोअर मारणारे, क्रँक घासणारे, बुश टर्न करून देणारे हात आहेत. हे काम जाणणारी माणसं आता साठीच्या पुढं गेलीत, ती आहेत तोवर इंजिन खोलून घ्या. आणि एवढं सगळं ऐकूनही काढायचंच ठरवलंत, तर निदान ते इंजिन काट्यावर घालू नका. ऑइल भरा, तोंडं बंद करा, फळीवर ठेवा आणि ताडपत्री टाका. गोठ्यात तेवढी जागा निघते.