रकाना सातबाऱ्याला जुळवा, सातबारा रकान्याला नको



आज पिकाचं नाही, ऑनलाइन अर्जातल्या रकान्यांचं लिहितोय. पीक विमा, ठिबकचं अनुदान, सगळंच आता मोबाइलवर भरायचं असतं. अर्ज अडला की लोक म्हणतात, शेतकऱ्याला भरता येत नाही. माझं मत असं की बऱ्याच वेळा रकानाच चुकीचा बांधलेला असतो.

सध्या मुलीकडे अँटॉप हिलला आलोय. जावई वेबसाइट बनवायचं काम करतात. त्यांच्याकडून समजून घेतलं ते सांगतो.

प्रत्येक रकान्याला काही गुण लावलेले असतात. त्यात काय भरायचं, किती भरायचं, सक्तीचं आहे का, हे त्यावरून ठरतं. त्याचे नियम एचटीएमएलच्या मानकात लिहिलेले आहेत.

पहिला गुण टाइप. गट नंबरच्या रकान्याला 'नंबर' टाइप दिला की ११२/२/अ बसतच नाही. गट नंबर हा नावाला नंबर, त्याची बेरीज कोण करतो? तिथे साधा मजकूर पाहिजे. खाते नंबरचंही तसंच, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळायची भीती.

दुसरा स्टेप. क्षेत्राला 'नंबर' टाइप बरोबर आहे, पण स्टेप दिली नाही तर ती १ धरली जाते. मग ०.४० हेक्टर, म्हणजे आपला साधारण एक एकर, भरला की ब्राउझर सांगतो ० टाका नाहीतर १ टाका! सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असतं. ०.४०.५० म्हणजे ०.४०५० हेक्टर. म्हणून स्टेप ०.०००१ पाहिजे.

तिसरा, रीडओन्ली आणि डिसेबल्ड. सातबाऱ्यावरून आपोआप आलेलं नाव दोन्हीत बदलता येत नाही. पण डिसेबल्ड रकान्यातली माहिती अर्जासोबत पुढे जातच नाही. स्क्रीनवर नाव दिसतं, पलीकडे रिकामं पोचतं. रीडओन्ली असेल तर जातं.

चौथं लेबल. रकान्याचं नाव नुसतं आत फिकट अक्षरात दिलं तर टाइप करायला लागलं की ते गायब. बाहेर लेबल पाहिजे, रकान्याला जोडलेलं. मग लेबलवर बोट लागलं तरी रकाना उघडतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला मोबाइल ते वाचून दाखवतो.

कुणी म्हणेल, मोकळं सोडलं तर लोक काहीही भरतील. अट घाला ना, पण खरी घाला. अँटॉप हिलचा पिनकोड ४०००३७, गावाकडचाही सहाच आकडी, तिथे सहाची अट योग्य. मोबाइलला दहाची योग्य. पण ईमेल कशाला सक्तीचा? आणि ब्राउझरमधली अट कुणीही काढू शकतो, त्यामुळे खरी तपासणी सर्व्हरवर करावीच लागते.

हे बारीकसारीक वाटेल. पण ०.४० च्या जागी १ गेलं की सातबाऱ्याशी जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. तोवर तारीख संपते. केंद्रावरचा हेलपाटा आणि बुडालेली मजुरी शेतकऱ्याचीच.

कृषी खात्यातले आणि कंपन्यांतले बरेच जण हे पान वाचतात. त्यांना विनंती, अर्ज सुरू करण्याआधी पोटहिस्स्याचे, सामाईक खात्याचे, दहा गुंठ्याचे खरे सातबारे घेऊन तो एकदा भरून बघा.

आणि शेतकरी भावांनो, रकाना घेत नाही म्हणून जवळपासचा आकडा टाकू नका. स्क्रीनशॉट काढा, रकान्याचं नाव आणि आलेला मेसेज लिहून तक्रार करा.