प्लास्टर निघाल्यानंतर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आमच्याकडून इतिहासाचीच अपेक्षा केली असणार. आरंभ तरी आम्ही इतिहासानेच करतो.

२३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतीच्या प्रवासात ते चाळीसगावला उतरले आणि तेथील महारवाड्यातील मंडळींच्या आग्रहाखातर मुक्कामाला थांबले. वस्ती स्टेशनापासून दूर होती. टांगे होते, पण महाराला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा तेवढा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याने पायी वस्तीत यावे हे लोकांना आपल्या मानास कमीपणा आणणारे वाटले, म्हणून ज्याने जन्मात कधी टांगा हाकला नव्हता अशा वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या बिनकठड्याच्या पुलावर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला आणि पुढे कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आम्ही गेली सव्वीस वर्षे वर्गात सांगत आलो. त्यात टांगेवाला असतो, वस्ती असते, जात असते. पाय मात्र मोडून जातो आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने मध्येच विचारले, “सर, मग पाय बरा कसा झाला?” आमच्याकडे उत्तर नव्हते. “झाला असेल,” असे म्हणून आम्ही फळ्याकडे वळलो. मोडलेले हाड आपोआप जुळते आणि माणूस उठून कामाला लागतो, ही आमची त्या वेळची समजूत. बहुसंख्य समाजबांधवांची आजही तीच आहे.

त्याच पावसाळ्यात वसतिगृहाच्या ओल्या जिन्यावरून आमचा पाय घसरला. पडताना टेकवलेला उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाले तेव्हा आत जो हात दिसला तो आम्हांस आमचा वाटेना. बारीक, कोरडा, आणि मूठ अर्ध्यावर थांबलेली. खडू धरता येईना. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘फिजिओथेरपी’ असे स्वच्छ लिहिले होते; ती ओळ आम्ही वाचली आणि सोडून दिली. गोळ्यांपुढे व्यायामाला औषध कोण म्हणणार? त्याऐवजी तालमीतल्या एका वस्तादाकडून पंधरा दिवस तेल चोळून घेतले. बोटांवर सूज चढली.

दोन महिने वाया घालवून आम्ही भौतिकोपचार तज्ज्ञाकडे गेलो. त्या मुलीने (आमच्या विद्यार्थिनींच्याच वयाची होती) पहिलाच प्रश्न विचारला, “प्लास्टरमध्ये असताना बोटे हलवत होता का? खांदा?” आम्ही हात गळ्यात अडकवून अगदी निश्चल ठेवला होता, त्यालाच काळजी घेणे समजत होतो. तिने समजावले ते असे : प्लास्टरचे काम मोडलेला भाग स्थिर ठेवण्याचे. त्याच्या वरचे आणि खालचे मोकळे सांधे मात्र पहिल्या दिवसापासून हलते ठेवायचे असतात, कारण न वापरलेला स्नायू काही आठवड्यांतच झिजतो आणि सांध्याभोवतीचे आवरण आखडते. हाड जोडण्याचे काम निसर्ग करतो. हात परत आणण्याचे काम ज्याचे त्याने करायचे.

मग कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडणे-मिटणे, ओला टॉवेल पिळणे, रबरी चेंडू दाबणे, आणि रोज संध्याकाळी कणीक मळणे सुरू झाले. या शेवटच्या व्यायामाचे घरात फार कौतुक झाले. दुखेल, पण व्यायाम थांबवल्यावर काही वेळात दुखणे पूर्वीइतके खाली आले पाहिजे. दुसऱ्या सकाळपर्यंत ठणका राहिला तर मात्रा जास्त झाली, असा तिचा हिशेब होता. चार महिन्यांनी आम्ही फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचलो.

आमचे हे दुखणे येथे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्याच शाळेतील आठवीची एक मुलगी चांगली कबड्डी खेळत असे. तालुक्याच्या सामन्यात तिचा घोटा मुरगळला. आम्ही शिक्षकांनीच तिला पाय ओढून देणाऱ्याकडे नेले. त्याने ‘शीर बसवली’, गरम तेलाने रगडले. आठवड्याने ती मैदानावर होती. पुन्हा मुरगळला. तिसऱ्यांदा मुरगळल्यावर घरच्यांनी खेळ बंद केला आणि वर्षभरात शाळाही सुटण्याच्या बेतात आली, कारण त्या मुलीला शाळेत धरून ठेवणारी गोष्ट कबड्डीच होती. ही चूक आमची आहे आणि ती या स्मरणिकेत नोंदवली जावी असे आम्हांस वाटते.

काय करावयास हवे होते? घोटा मुरगळल्यावर मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच कळ उठत असेल, तर आधी क्ष-किरण तपासणी. हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, रगडणे नाही. क्रेप पट्टी, पाय उशीवर उंच, आणि वेदना शमावी म्हणून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे. नंतर मात्र पलंगावर पडून राहणे नको. सोसवेल तितका भार देत चालायचे, बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरे काढायची, मग टाचा उचलणे, मग एका पायावर तोल सांभाळत उभे राहणे, आधी डोळे उघडे ठेवून आणि पुढे मिटून. मुरगळ्यात तंतुबंध ताणले जातात तशी तोलाची जाणीवही मंदावते. ती परत मिळवली नाही तर घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर दुसऱ्याइतक्याच जोमाने लंगडी घालता येऊ लागली, म्हणजे मैदानाचा विचार करायचा. आठ दिवसांचा हा प्रश्न नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. मुंबईत १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या त्या काळात, के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. आमच्या पिढीतल्या प्रत्येक वर्गात कॅलिपर घालून येणारा एखादा सोबती असे. आजच्या मुलांना तो शब्दही ठाऊक नाही, हे भाग्यच. आणि सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर! १९६५च्या युद्धात या जवानाच्या शरीरात गोळ्या घुसल्या, कमरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. सरकारला पद्मश्री देण्यास २०१८ उजाडले, ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘हालचाल करा, सक्रिय राहा’ हा उपदेश आमच्या सोलापुरात कोणाला करावयाचा? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि मुलांना रोज सरासरी एक तास सांगते. नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना तो उपदेश नेमका लागू आहे. त्यांनी उन्ह चढण्यापूर्वी होम मैदानावर किंवा कंबर तलावाच्या काठी चालावे. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची शक्यता अधिक. त्यांनी भिंतीवर बोटांनी वर चढण्याचा साधा व्यायाम आजच शिकून घ्यावा. साठी उलटलेल्यांनी हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठून-बसून पाहावे. कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरूण धरणारांना सांगावयाचे ते इतकेच की, एक-दोन दिवसांपलीकडची विश्रांती बहुधा कंबरेला अधिकच आखडवते. पायांतील बळ जाऊ लागले, लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला तर मात्र घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पण यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा बाप, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी जोडपी, मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणारी आई यांचे काय? यांच्या शरीराला हालचाल उणी नाही. एकच हालचाल हजारदा होते, हे त्यांचे दुखणे. त्यावर आमच्या वस्त्यांतला इलाज एकच : सुई टोचून घेणे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणे. १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी कारखान्यांतील आठवडा ४८ तासांवर आणला. घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या उंबऱ्याशी तो कायदा अजूनही पोचलेला नाही. जिचा दाम हजारावर ठरतो, तिच्यासाठी विश्रांतीचा प्रत्येक क्षण मजुरीतून कापला जातो. ‘व्यायामाला वेळ काढा’ असे तिला सांगणारा माणूस आमच्या मते हिशेबात कच्चा असतो.

तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, त्यांत निरोगीपणा आणि अन्नाचे पचन यांनाही स्थान आहे. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली तेव्हा त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले, पुढील उपदेश आनंदावर सोपवला आणि ते आडवे झाले. पाठ दुखते हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि त्यांच्या जागी उभा राहणारा कोणी होता. आमच्या विडी वळणाऱ्या माउलीच्या जागी कोण उभे राहते?

म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही एक मागणे ठेवतो. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय हाच शिक्षणाचा पाया मानला गेला. तो पाया आज आणखी थोडा रुंद करावयास हवा. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत चार चटया, एक भिंत-शिडी, काही रबरी पट्टे, आणि महिन्यातून दोन रविवार वेळ देणारा नोंदणीकृत भौतिकोपचार तज्ज्ञ. ‘नोंदणीकृत’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. या व्यवसायासाठी महाराष्ट्राने २००२ साली स्वतंत्र परिषदेचा कायदा केला आहे, आणि पाटी लावणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर होणाऱ्या मुलांचे सत्कार आपण करतोच. साडेचार-पाच वर्षांचा हा अभ्यासक्रम घेणारी मुलेही आपल्या वसतिगृहातून निघावीत.

गेल्या पालक सभेत याचा छोटा प्रयोग झाला. आमच्या मनगटावर उपचार करणाऱ्या त्याच मुलीला आम्ही बोलावले होते. तिने मातांना सांगितले, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठा. मागे बसलेल्या एका बाईंनी लगेच हिशेब मांडला. पंचवीस विड्यांचे एक बंडल, दोन बंडलांना अर्धा तास; दिवसात वीस वेळा उठायचे म्हणजे चाळीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ सत्तर विड्या गेल्या. “ताई, त्या सत्तर कोण देणार?”

सभेत शांतता पसरली. ती मुलगी व्यासपीठावरून उतरून त्या बाईंच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, त्यांचे सूप मांडीवर घेतले आणि विचारू लागली : भिंतीला पाठ लावून बसता येते का? सुपाखाली उशी ठेवली तर मान किती कमी वाकेल? बसल्या जागी खांदे मागे खेचून पाच आकडे मोजता येतील का, पान कापताना नव्हे, दोरा बांधून झाल्यावर? अर्ध्या तासाने ठरले ते असे. भिंत, उशी, प्रत्येक बंडलामागे एकदा खांदे आणि मान, पायाची घडी दर बंडलाला बदलायची. आणि दर चार बंडलांनी एकदा उठून, एक मिनिट टाचा उचलत उभे राहायचे. म्हणजे दिवसाला दहा मिनिटे.

बाईंनी बोटांवर मोजले. “पंधरा-वीस विड्या,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या रात्री वळीन.”