दुभाषी हवा की तयार भाषांतर?



ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील व्यापारी घरांतील काही मुलेमुली आता संगणकीय खेळ घडविण्याचे शिक्षण घेऊ इच्छितात. प्रशिक्षणवर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न समजून घ्यावा, कारण त्यावर पाल्याचे वर्ष-दोन वर्षांचे श्रम अवलंबून असतात. प्रश्न असा : आधी स्क्रिप्ट शिकावी की कंपाइल केलेला कोड?

चित्र उमटविणे, ध्वनी वाजविणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे ही कामे गेम इंजिनमध्ये सिद्धच असतात. खेळाचे नियम मात्र आपण लिहावयाचे असतात. सी प्लस प्लससारख्या भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत आधीच संपूर्ण भाषांतर होते, म्हणून तो वेगाने चालतो. पण प्रत्येक बदलानंतर भाषांतर पुन्हा करावे लागते. स्क्रिप्टमध्ये खेळ चालू असताना जणू दुभाषी शेजारी बसलेला असतो. केलेला बदल तत्काळ दिसतो, वेग मात्र घटतो.

अनरियल इंजिनचा इतिहास येथे बोधप्रद आहे. १९९८ साली आलेल्या या इंजिनला स्वतःची स्क्रिप्ट होती आणि ती सी प्लस प्लसहून सुमारे २० पट मंद असल्याचे निर्मात्यांनीच नमूद केले होते. २०१४ च्या चौथ्या आवृत्तीत ती वगळण्यात आली. तरीही सी प्लस प्लसच्या जोडीला ब्लूप्रिंट ही चित्ररूप स्क्रिप्ट ठेवावीच लागली, कारण नियम वारंवार बदलून पाहण्याची गरज संपत नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी’ हा खेळ याच चौथ्या आवृत्तीवर घडला आहे. युनिटीमध्ये सी शार्पमध्ये लिहिलेल्या नियमांचे सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करून ते कंपाइल करण्याची सोय आहे. गोडो या विनामूल्य इंजिनमध्ये सोपी जीडीस्क्रिप्ट आहे आणि जड भाग सी प्लस प्लसमध्ये लिहिण्याची वाटही आहे.

आपल्या परंपरेतील ज्ञानचौपड संगणकावर आणावयाची आहे, असे समजा. फासा पडला, सोंगटी सरकली, सापाने गिळले किंवा शिडीने वर नेले. एका डावात हिशोब तो कितीसा? येथे स्क्रिप्ट पुरेशी आहे. परंतु शेकडो पात्रे एकाच वेळी आपापली वाट शोधत धावू लागली, तर गणित बदलते. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असल्यास प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. त्यांतील १२ केवळ वाट शोधण्यात गेल्या, तर खेळ अडखळू लागतो. लोकलमध्ये खेळणाऱ्याच्या हाती बहुधा मध्यम किमतीचा फोन असतो. तो तापतो, त्याची बॅटरी उतरते आणि खेळ काढून टाकला जातो.

म्हणून संपूर्ण खेळ कंपाइल केलेल्या भाषेत लिहावा का? दुकानाचा खर्च वाढला की आपण रोजमेळ उघडून नेमकी रक्कम कोठे गेली ते पाहतो. सरसकट सर्वच खर्च कापत नाही. इंजिनमधील प्रोफायलर हाच वेळेचा रोजमेळ होय. त्यात जो भाग जड दिसेल तेवढाच कंपाइल केलेल्या भाषेत न्यावा.

अनेकान्त मानणाऱ्या आपल्या समाजाला हे सहज पटावे : दोन्ही पक्ष आपापल्या अपेक्षेने खरे आहेत. तथापि शिकण्याला क्रम असतो. पाल्याने प्रथम स्क्रिप्टमध्ये एक लहान खेळ पूर्ण करावा, तो साध्या फोनवर चालवून वेळ मोजावा आणि मग सी प्लस प्लसकडे वळावे. मोठ्या त्रिमित खेळांच्या किंवा इंजिनच्या अंतर्भागाच्या कामात ज्याला जावयाचे आहे, त्याला ही दुसरी पायरी टाळता येणार नाही.

शुल्क भरण्यापूर्वी वर्गचालकांना दोनच प्रश्न विचारावेत : विद्यार्थी येथे एक खेळ पूर्ण करतो का? आणि त्याला प्रोफायलर वाचावयास शिकविले जाते का? दोन्हींची उत्तरे स्पष्ट ‘होय’ अशी मिळाली, तरच थैली उघडावी.